क्ष-किरणांपुढचा हात

अस्थी आणि सांधे यांचे अंतरंग क्ष-किरणांनी पाहण्याच्या विद्येचा आरंभ मनुष्याच्या हातापासून झाला, पहिली काही वर्षे तिची परीक्षाही हातावरच होत राहिली, आणि तिचे मोलदेखील प्रथम हातांनाच द्यावे लागले. छाती, मस्तक, कणा, कटी हे देहाचे अधिक महत्त्वाचे म्हणून गणले जाणारे भाग मागाहून आले. हाताला हा अग्रमान मिळण्याचे कारण त्याच्या रचनेतच आहे. प्रौढ मनुष्याच्या देहातील २०६ अस्थींपैकी एका हातात २७, म्हणजे दोन्ही हातांत मिळून ५४ अस्थी असतात; सबंध सांगाड्याच्या चतुर्थांशाहून अधिक हाडे या दोन लहानशा अवयवांत सामावलेली आहेत, आणि त्यांच्यावरील मांसाचे आवरण इतके पातळ की दुर्बळ किरणही त्यातून पार जावेत. शिवाय हात मेजावर ठेवून मनुष्य खुर्चीवर पाव तास स्वस्थ बसू शकतो. नितंबाच्या सांध्यासारख्या मांसल भागाला त्या काळच्या नळीपुढे याच्या कित्येक पटींनी अधिक वेळ लागत असे, आणि तेवढा काळ निश्चल राहणे वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णाला कसे शक्य व्हावे?

जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथील विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेले विल्हेल्म राँटगेन ८ नोव्हेंबर १८९५ रोजी सायंकाळी आपल्या प्रयोगशाळेत काळ्या पुठ्ठ्याने सर्व बाजूंनी झाकलेल्या निर्वात नळीतून विद्युत्प्रवाह सोडीत होते, तेव्हा काही अंतरावर ठेवलेला बेरियम प्लॅटिनोसायनाइडचा लेप दिलेला पडदा अंधारात उजळलेला त्यांना दिसला. नळीतून प्रकाश बाहेर येण्यास मार्ग नव्हता. तरीही काहीतरी येत होते, आणि ते पुठ्ठा, लाकूड व कागद यांना न जुमानता पडद्यापर्यंत पोहोचत होते. नळी आणि पडदा यांच्यामध्ये एकामागून एक पदार्थ धरीत जाता जाता त्यांनी आपला हात धरला, आणि हाताच्या फिकट छायेत हाडांची गडद छाया त्यांना दिसली. पुढील सहा-सात आठवडे या गृहस्थाने कोणालाही फारसे न सांगता जे परिश्रम केले त्यांचे फळ म्हणजे २२ डिसेंबर रोजी पत्नी ॲना बेर्था यांच्या हाताचे घेतलेले छायाचित्र. सुमारे १५ मिनिटे त्या बाईंनी आपला हात पट्टिकेवर निश्चल ठेवला होता. बोटांची हाडे, त्यांच्यामधील सांध्यांच्या फटी आणि एका बोटातील अंगठीचे काळे वलय त्या चित्रात उमटले. २८ डिसेंबरला राँटगेन यांनी आपला निबंध तेथील विद्वत्सभेच्या हवाली केला आणि १८९६ च्या पहिल्याच दिवशी त्याच्या प्रती व चित्रे परिचित शास्त्रज्ञांकडे रवाना केली. पहिल्या आठवड्यातच ही वार्ता व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात आली आणि तेथून तिला आवरणे कोणाच्याही हाती राहिले नाही.

२३ जानेवारी १८९६ रोजी व्युर्त्सबुर्गच्या त्याच सभेत राँटगेन यांचे व्याख्यान झाले. व्याख्यानाच्या ओघात त्यांनी सभेतील वयोवृद्ध शरीररचनाशास्त्रज्ञ आल्बेर्ट फॉन क्योलिकर यांना हात पुढे करण्याची विनंती केली, आणि सर्वांच्या समक्ष त्या हाताचे चित्र घेतले. क्योलिकर तेव्हा ७८ वर्षांचे होते. शवांचे विच्छेदन करून आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊतींचे पापुद्रे पाहून शरीराचे ज्ञान मिळविण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या पुरुषाला आपल्याच जिवंत हाताच्या अस्थी मरणाच्या मध्यस्थीवाचून पाहावयास मिळाल्या, हे त्या शतकातील विज्ञानाच्या इतिहासातील मला सर्वांत हृद्य वाटणारे दृश्य आहे. या किरणांना राँटगेनचे नाव द्यावे असे त्यांनी तेथेच सुचविले. राँटगेन यांनी मात्र या शोधाचे एकस्व घेतले नाही. तो सर्व जगाचा आहे, अशी त्यांची धारणा होती, आणि १९०१ मध्ये पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले तेव्हा त्याची रक्कमही त्यांनी आपल्या विद्यापीठाला दिली.

यापूर्वी अस्थिभंगाचे ज्ञान नव्हते असे नाही. ते ज्ञान वैद्याच्या बोटांत होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे जे विवेचन आहे त्यात सांधा निखळण्याचे ६ प्रकार आणि हाड मोडण्याचे १२ प्रकार सांगितले आहेत: हाडाचा चुरा झालेला चूर्णित, खेकड्यासारखा उंचवटा आलेला कर्कटक, घोड्याच्या कानासारखे टोक वर आलेला अश्वकर्ण, हाडाचा कपचा सुटलेला अस्थिछल्लित, एक टोक मज्जेत घुसलेला मज्जानुगत. ज्याने मोडलेल्या हाडावरून वारंवार हात फिरविला आहे, करकर आवाज ऐकला आहे आणि वाकडेपणा डोळ्यांनी जोखला आहे, त्यालाच हे वर्गीकरण करता यावे. वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या पट्ट्या मोडलेल्या अवयवाभोवती बांधण्याचा जो विधी त्या ग्रंथात आहे, त्याचाच अंश आपल्याकडील हाडवैद्यांच्या कामट्यांत आणि लेपात उतरलेला दिसतो. युरोपातही स्थिती फारशी निराळी नव्हती. डब्लिनचे शल्यवैद्य अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये मनगटाजवळील ज्या अस्थिभंगाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि जो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो, तो त्यांनी केवळ स्पर्शाने आणि बाह्य आकाराच्या निरीक्षणाने ओळखला होता. राँटगेनच्या शोधापूर्वी ८१ वर्षे त्यांनी लिहिलेले ते वर्णन क्ष-किरणांनी पुढे खरे ठरविले.

शोध जाहीर झाल्यावर मात्र आठवड्यांचाही विलंब लागला नाही. इंग्लंडात बर्मिंगहॅम येथील डॉ. जॉन हॉल-एडवर्ड्स यांनी १८९६ च्या जानेवारीतच हातात रुतलेल्या सुईचे चित्र घेतले, आणि फेब्रुवारीत एका स्त्रीच्या हातातील सुई अशा चित्राच्या आधाराने शल्यवैद्याने कापून काढली. त्याच महिन्यात अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात एका शाळकरी मुलाच्या मनगटाचे चित्र २० मिनिटे किरण सोडून घेण्यात आले, आणि मोडलेले हाड पट्टिकेवर उमटले. आपल्या देशाच्या हद्दीत ही विद्या लष्कराबरोबर आली: १८९७-९८ मध्ये वायव्य सरहद्दीवर तिराहची मोहीम चालू असता सर्जन-मेजर बीव्हर यांनी क्ष-किरणांचे यंत्र त्या डोंगराळ मुलखात नेऊन जखमी शिपायांच्या देहातील गोळ्यांचा व मोडलेल्या हाडांचा ठाव घेतला. कलकत्त्यात प्रेसिडेन्सी कॉलेजमध्ये जगदीशचंद्र बोस यांनी एकोणिसावे शतक सरण्यापूर्वीच असे यंत्र उभे केले होते, आणि डॉ. नीलरतन सरकार यांच्या एका पाठ मोडलेल्या रुग्णाला त्या किरणांनी पाहावयाचे असल्याचा उल्लेख त्यांनी रवींद्रनाथांना लिहिलेल्या पत्रात आढळतो. विद्युल्लहरींच्या अभ्यासात गढलेल्या शास्त्रज्ञाने एका रुग्णासाठी आपली प्रयोगशाळा मोकळी करावी, ही गोष्ट मला त्यांच्या शोधांइतकीच मोलाची वाटते.

आता त्या नळीविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे, कारण पुढील सर्व दुःखाचे मूळ तिच्या स्वभावात आहे. आरंभीच्या नळ्या पूर्णपणे निर्वात नसत. त्यांत वायूचा अल्प अंश राखावा लागे, आणि वापराबरोबर तो अंश कमीजास्त होत जाई. वायू अधिक असला म्हणजे किरण मृदू निघत, ते मांसातच अडत आणि हाडाची छाया काळीभोर पडे. वायू उणा झाला म्हणजे किरण कठोर होत, ते हाडातूनही पार जात आणि छाया फिकट, राखी दिसे. नळी आज कोणत्या प्रकृतीत आहे हे सांगणारे मापनयंत्र जवळ नव्हते. म्हणून रोग्याला पुढे घेण्यापूर्वी किरण सोडणारा मनुष्य आपला डावा हात नळीसमोर धरी, उजव्या हाताने पडदा डोळ्यांशी नेई, आणि आपल्या बोटांच्या हाडांच्या छटेवरून नळीची योग्यता ठरवी. स्वयंपाकिणीने भाताचे शीत दाबून पाहावे इतक्या सहजतेने हा प्रकार दिवसातून अनेक वेळा, वर्षानुवर्षे चाले. प्रत्येक वेळी किरण हातातून जात होते, आणि त्यांचा स्पर्श उष्ण नाही, वेदना नाही, डाग नाही. परिणाम आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी प्रकट होत असे. प्रथम त्वचा कोरडी व लालसर होई, केस झडत, नखे ठिसूळ होऊन चिरत. मग चामखिळीसारखे उंचवटे, मग भरून न येणारे व्रण, आणि त्या व्रणांतून कर्करोग. तो बोटांपासून मनगटाकडे, मनगटापासून काखेकडे सरकत जाई आणि शस्त्रवैद्य त्याच्यामागे एकेक पेरे, एकेक बोट कापीत जाई.

एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे काचकाम जाणणारे कारागीर. नळ्या बनविणे व त्या स्वतःच्या हातांवर पारखणे हे त्यांचे काम. प्रथम डावा हात, मग दोन्ही बाहू गेले, आणि १९०४ मध्ये वयाच्या चाळिशीच्या आतच ते मरण पावले. त्यांची ही अवस्था पाहून एडिसन यांनी या किरणांचे संशोधन सोडून दिले. फिलाडेल्फियाचे डॉ. मिहरान कसाबियन यांनी आपल्या हातांचा क्षय होत असता त्याची वेळोवेळी छायाचित्रे घेऊन ठेविली, यासाठी की पुढील पिढीला या जखमेची गती कळावी. १९१० मध्ये तेही गेले. बर्मिंगहॅमच्या ज्या हॉल-एडवर्ड्स यांनी सुईचे चित्र घेतले होते, त्यांनी बोअर युद्धातही यंत्र चालविले, त्वचेच्या या रोगाविषयी इशारे लिहून प्रसिद्ध केले, आणि १९०८ मध्ये त्यांचा डावा हात कापावा लागला. पुढे उजव्या हाताची बोटेही गेली. १९२६ पर्यंत ते जगले. आपल्या हाताऐवजी मृताच्या हाताचा सांगाडा पडद्यामागे बसवून नळी पारखावी, अशी युक्तीही काहींनी काढली होती, परंतु हाताशी असलेला हातच पुढे करण्याची सवय मोडण्यास फार काळ लागला.

या सर्वांत हॅम्बुर्गचे डॉ. हाइन्रिश आल्बेर्स-श्योनबेर्ग यांचे चरित्र मला विशेष उल्लेखनीय वाटते. कारण अस्थींच्या विकाराचा शोध आणि त्यासाठी दिलेले देहाचे मोल ही दोन्ही त्यांच्या एका आयुष्यात एकत्र आली आहेत. १९०४ मध्ये त्यांनी अशा एका तरुणाची चित्रे प्रसिद्ध केली की ज्याची सर्व हाडे पट्टिकेवर संगमरवरासारखी दाट व एकजीव दिसत होती. मज्जेची पोकळी जवळजवळ नाहीशी झालेली, बाहेरून भक्कम वाटणारी ही हाडे वस्तुतः ठिसूळ असतात आणि अल्पशा आघाताने मोडतात. स्पर्शाने हा रोग कोणालाही कळला नसता. बोटांना जे हाड दणकट लागेल तेच किरणांनी रुग्ण ठरविले, आणि हा विकार पुढे त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. या किरणांनी सशांची व गिनीपिगांची प्रजननशक्ती नष्ट होते हेही त्यांनीच १९०३ मध्ये दाखविले होते, म्हणजे धोका काय आहे हे त्यांच्याइतके थोड्यांना ठाऊक होते. परंतु तोपर्यंत त्यांच्या हातांनी पुष्कळ किरण सोसले होते. त्यांचा डावा बाहू कापावा लागला. १९१९ मध्ये हॅम्बुर्ग विद्यापीठात त्यांना क्ष-किरणशास्त्राचे प्राध्यापकपद लाभले आणि १९२१ मध्ये त्यांचा अंत झाला. ज्या सेंट गेऑर्ग रुग्णालयात त्यांनी काम केले त्याच्याच आवारात १९३६ च्या एप्रिलमध्ये क्ष-किरण व रेडियम यांच्या कामात प्राणांस मुकलेल्यांचा स्मृतिस्तंभ उभारण्यात आला. आरंभी त्यावर १५ राष्ट्रांतील १६९ नावे कोरलेली होती. त्यांत डॉक्टरांबरोबर परिचारिका व तंत्रज्ञही आहेत.

हाताची ही सुटका केली ती अमेरिकेतील विल्यम कूलिज यांच्या १९१३ च्या नळीने. तिच्यातील टंगस्टनची तार तापवून विद्युत्कण सोडले जात, वायूच्या अंशावर काही अवलंबून राहत नसे, आणि किरणांचे प्रमाण व भेदकता ही दोन्ही यंत्रावरील कळींनी स्वतंत्रपणे ठरविता येत. नळी पारखण्यासाठी कोणाचा हात पुढे करण्याचे प्रयोजनच उरले नाही.

सुटलेला हात मग अभ्यासाचा विषय झाला. लंडनचे शल्यवैद्य जॉन पोलंड यांनी १८९८ मध्येच बालकांच्या मनगटाच्या व हाताच्या अस्थिविकासाचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. नवजात बालकाचे मनगट चित्रात रिकामेच दिसते, कारण तेथील ८ हाडे तेव्हा केवळ कूर्चेची असतात आणि कूर्चा किरणांना अडवीत नाही. मग पहिल्या काही महिन्यांत मध्यभागी दोन बिंदू उमटतात, पुढे वर्षा-दोन वर्षांच्या अंतराने एकेक हाड प्रकट होत जाते आणि वाटाण्याएवढे शेवटचे हाड दहा-बारा वर्षांच्या सुमारास दिसू लागते. या क्रमावरून बालकाचे अस्थिवय सांगता येते. क्लीव्हलंड येथे विंगेट टॉड यांनी १९३७ मध्ये हाताच्या अस्थिविकासाचा आपला संग्रह दिला, आणि तेथीलच चित्रांच्या आधारे ग्रॉयलिश व पाइल यांनी १९५० मध्ये जो ग्रंथ सिद्ध केला तो आजही जगभर डॉक्टरांच्या मेजावर असतो. त्यातील मुले अमेरिकेतील एका शहराची, सुस्थितीतल्या गोऱ्या कुटुंबांतली होती. अर्धपोटी वाढलेल्या मुलाचे मनगट त्या मापाने मोजणे कितपत न्याय्य, हा प्रश्न आपल्या देशात केवळ वैद्यकाचा राहिला नाही. तो अदालतीतही गेला.

आपल्याकडे गावच्या दप्तरात जन्ममृत्यूचे रजिस्टर असले तरी पुष्कळ मुलांची नावे त्यात कधी चढलीच नाहीत. १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा, जो शारदा कायदा म्हणून आपण जाणतो, १ एप्रिल १९३० पासून अमलात आला आणि त्याने मुलीचे विवाहवय १४ व मुलाचे १८ ठरविले. तेव्हापासून वय हा फिर्यादीचा मुद्दा झाला. दाखला नाही, साक्षीदारांचा भरवसा नाही, अशा वेळी मनगट, कोपर व कटी यांची चित्रे काढून वयाचा अंदाज घेण्याचा प्रघात आपल्या न्यायालयांत रूढ झाला. त्या अंदाजाची मर्यादाही न्यायालयाने ओळखली आहे. १९८२ मध्ये जम्मू-काश्मीरच्या जयामाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की क्ष-किरणांवरून काढलेल्या वयात दोन्ही बाजूंनी दोन वर्षांची चूक संभवते. आणि २०१५ च्या बालन्याय कायद्यात शाळेचा वा स्थानिक संस्थेचा दाखला प्रथम, तो नसेल तेव्हाच अस्थिवय चाचणी, असा अनुक्रम घातला आहे. कोणत्या मुलाला सुधारगृहात पाठवावयाचे आणि कोणाला तुरुंगात, हे ज्या चित्रावरून ठरू शकते त्याच्या मर्यादेची जाणीव कायद्याने इतकी स्पष्ट ठेवावी, याचे मला समाधान वाटते.

सांध्यांच्या विकारांतही हात हाच आरसा ठरला. ऱ्हुमटॉइड संधिवातात बोटांच्या मुळांशी, जेथे हाडाच्या टोकाला कूर्चेचे आच्छादन संपते, त्या कडेवर प्रथम कुरतडल्यासारख्या खाचा पडतात. गाउटमध्ये खाचेच्या तोंडावर हाडाची कड ओठासारखी पुढे आलेली दिसते. परावटु ग्रंथी अतिरिक्त काम करू लागली म्हणजे तर्जनी व मध्यमा यांच्या मधल्या पेऱ्यांच्या अंगठ्याकडील कडा बारीक झिजू लागतात, आणि हाताचे एक चित्र मानेतील एका लहानशा ग्रंथीचे दुखणे सांगते.

परंतु त्याच मनगटात एक हाड असे आहे की ज्याने या किरणांचा अभिमान नेहमी मर्यादेत ठेवला. अंगठ्याच्या मुळाशी नौकेच्या आकाराचे हे हाड उघड्या हातावर पडल्याने मोडते, आणि पहिल्या दिवशीच्या चित्रात ती भेग अनेकदा दिसतच नाही. पूर्वी याला मुरगळणे म्हणून शेकत बसत. या हाडाला रक्त बहुतांशी त्याच्या बोटांकडील टोकाकडून मिळते. मध्ये भंग झाला की दंडाकडचा तुकडा रक्तावाचून राहून मृत होण्याचे भय असते, आणि मनगट कायमचे जायबंदी होते. म्हणून अनुभवी डॉक्टर अंगठा ताणल्यावर त्याच्या मुळाशी जो खळगा पडतो तेथे बोटाने दाबून पाहतात; तेथे कळ आली तर चित्र निर्दोष असले तरी मनगट प्लास्टरमध्ये ठेवतात आणि १० ते १४ दिवसांनी पुन्हा चित्र काढतात, कारण तेवढ्या काळात भेगेच्या कडा शोषल्या जाऊन रेषा दिसू लागते. ज्या शहरात चुंबकीय अनुनादाचे यंत्र, म्हणजे एमआरआय, सहज उपलब्ध आहे तेथे हा भंग पहिल्याच दिवशी ओळखता येतो. तालुक्याच्या रुग्णालयात मात्र मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाचे बोटाने दाबून पाहिलेले मनगट आजही प्लास्टरमध्ये बांधले जाते आणि त्याला दोन आठवड्यांनी परत येण्यास सांगितले जाते.